गार्सिया: पाळण्यातलं नाव आडनाव कसं झालं

२०२५च्या हंगामात रिआल माद्रिदच्या संघात दोन गार्सिया होते. बचाव फळीतला फ्रान आणि आघाडीचा गोन्सालो. त्यांची कागदोपत्री नावं पाहिली तर दोघंही 'गार्सिया तोर्रेस'. वडिलांकडचं आडनाव सारखं, आईकडचंही सारखं, तरी दोघं भाऊ नाहीत. समोर बार्सिलोनाकडे आणखी दोन: एरिक गार्सिया आणि गोलरक्षक जोआन गार्सिया. रात्री जागून सामने बघणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला प्रश्न पडणारच, की स्पेनमध्ये आडनावांचा तुटवडा आहे की काय?

तुटवडा नाही, पण थोडक्या आडनावांवर प्रचंड गर्दी आहे. स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या यादीत गार्सिया पहिल्या क्रमांकावर आहे. पहिलं आडनाव म्हणून ते लावणारे सुमारे साडेचौदा लाख, म्हणजे दर शंभर माणसांत तिघं. दुसरं आडनाव म्हणून लावणारे जवळपास तेवढेच. आणि वडीलही गार्सिया, आईही गार्सिया, त्यामुळे 'गार्सिया गार्सिया' असं दोनदा लिहावं लागणारे सत्तर हजारांहून अधिक.

त्याच्या मागे रोद्रिगेस, गोन्सालेस, फेर्नांदेस, लोपेस, मार्तिनेस, सांचेस, पेरेस, गोमेस अशी रांग लागते. या नऊ नावांत एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते: शेपटीला 'एस' नसलेलं गार्सिया हे एकटंच. असं का, हे कळलं की या आडनावाचा निम्मा इतिहास कळतो.

आधी नाव वाचायचं कसं ते पाहू

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात. आधी वडिलांचं पहिलं आडनाव, मग आईचं पहिलं. हुआन गार्सिया लोपेस आणि मारिया मार्तिनेस रुईस यांना मुलगी झाली आणि तिचं नाव आना ठेवलं, तर ती आना गार्सिया मार्तिनेस. लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही, त्यामुळे एकाच घरात आई, वडील आणि मुलं यांची आडनावांची जोडी तीन प्रकारची असते. मुख्य आडनाव पहिलं. रोजच्या वापरात दुसरं गाळलं तरी चालतं, पहिलं गाळत नाहीत.

हे ठाऊक नसल्यामुळे आपण हमखास शेवटचा शब्द उचलतो. कोलंबियाचे नोबेल विजेते गाब्रिएल गार्सिया मार्केस मराठीत सर्रास नुसते 'मार्केझ' होतात, पण मार्केस हे त्यांच्या आईचं आडनाव. कपाटात पुस्तकं लावताना ते 'ग'खाली यायला हवेत. गंमत अशी की त्यांचं गार्सियाही नियमाप्रमाणे आलेलं नाही. त्यांच्या वडिलांचा जन्म लग्नाबाहेरचा. आजोबांचं आडनाव मार्तिनेस, पण ते न मिळता वडिलांना त्यांच्या आईचं, म्हणजे लेखकाच्या आजीचं, गार्सिया हे आडनाव लागलं. नियम तंतोतंत पाळला गेला असता तर जगाला गाब्रिएल मार्तिनेस मार्केस माहीत असता.

उलटही घडतं. पहिलं आडनाव फारच सर्वसामान्य असेल तर स्पॅनिश लोक आपणहून दुसऱ्याने हाक मारतात. २००४ ते २०११ या काळात पंतप्रधान असलेले होसे लुईस रोद्रिगेस सापातेरो सगळ्यांसाठी 'सापातेरो' होते, कारण नुसतं 'रोद्रिगेस' म्हणून कोण ओळखणार? चित्रकार पाब्लो रुईस पिकासोनेही वडिलांचं रुईस सोडून आईचं पिकासो ठेवलं. गार्सिया असणाऱ्यांवर ही पाळी सतत येते. आणि लामिन यमालच्या बाबतीत तर 'यमाल' आडनावच नाही. 'लामिन यमाल' हे जोडनाव आहे, त्याची आडनावं नासराउई आणि एबाना.

लघुरूपांचंही एक प्रकरण आहे. हाताने लिहिलेल्या कागदांवर गार्सिया पूर्ण लिहिण्याचा कंटाळा करतात. 'जी' हे अक्षर आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा 'ए', एवढंच. फेर्नांदेसचं 'एफडीईझेड', गोन्सालेसचं 'जीएलईझेड'. जुनी कागदपत्रं वाचणारे नवखे लोक या 'जी'ला एखाद्या मधल्या नावाचं आद्याक्षर समजतात आणि माणसाचं आख्खं आडनावच गायब करून टाकतात.

गार्सिया मुळात आडनाव नव्हतंच

हजार वर्षांपूर्वी गार्सिया हे पाळण्यात ठेवायचं नाव होतं. नवव्या शतकाच्या मध्यावर उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोना राज्याच्या गादीवर गार्सिया इन्यिगेस नावाचा राजा होता. ९१० ते ९१४ या काळात लेओनवर राज्य करणाऱ्या राजाचं नावही गार्सिया. नाव जन्मलं पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, बास्क भाषेच्या मुलखात. बास्क ही युरोपातल्या कुठल्याच भाषेशी नातं नसलेली भाषा. तिच्यात 'हार्त्स' म्हणजे अस्वल आणि 'गास्ते' म्हणजे तरुण. गार्सिया यांपैकी कशावरून आलं यावर भाषातज्ज्ञांचे दोन तट आहेत. अस्वलवाल्यांची बाजू जास्त वेळा मांडली जाते, पण निकाल लागलेला नाही. इंटरनेटवर कुणी 'गार्सिया म्हणजे अस्वल' असं छातीठोकपणे सांगत असेल तर लगेच विश्वास ठेवू नये.

मग नावाचं आडनाव कसं झालं? आपल्याकडच्या नावातला मधला भाग आठवा: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. मध्ययुगातल्या स्पेनमध्ये यातला शेवटचा भाग बहुतेकांना नव्हता. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव, काम भागलं. फरक एवढाच की वडिलांच्या नावाला शेपूट जोडायचे: रोद्रिगोचा मुलगा रोद्रिगेस, गोन्सालोचा गोन्सालेस, सांचोचा सांचेस, फेर्नान्दोचा फेर्नांदेस, रामिरोचा रामिरेस. बापाच्या नावावरून पडलेल्या अशा नावाला आपण या लेखात 'पितृनाम' म्हणू. 'एस'चं हे शेपूट आलं कुठून, यावरही वाद आहे. कुणी लॅटिनच्या षष्ठी विभक्तीकडे बोट दाखवतं, कुणी रोमनांच्याही आधीच्या स्थानिक भाषांकडे.

पितृनाम असल्यामुळे ते दर पिढीला बदलायचं. कास्तिया प्रांताच्या सरदारघराण्यातल्या पाच पिढ्या पाहा. गोन्सालो फेर्नांदेस. त्याचा मुलगा फेर्नान गोन्सालेस, ज्याचा मृत्यू ९७०चा. त्याचा मुलगा गार्सिया फेर्नांदेस. त्याचा सांचो गार्सिया. आणि त्याचा गार्सिया सांचेस, जो १०२९मध्ये लेओन शहरात मारला गेला. रक्त एकच, गादी एकच, आणि नावाचा दुसरा भाग मात्र पाच पिढ्यांत चार प्रकारचा. आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर हे एका घराण्यातले लोक आहेत हे ओळखूही येणार नाही.

स्पेनचा सर्वांत प्रसिद्ध योद्धा 'एल सिद' याच्याकडेही हेच दिसतं. त्याचं नाव रोद्रिगो दियास, कारण बाप दिएगो. बाप दिएगो लाइनेस, कारण आजा लाइन. सिदचा मुलगा दिएगो रोद्रिगेस, १०९७ साली कोन्सुएग्राच्या लढाईत पडला. मुलगी क्रिस्तिना रोद्रिगेस. तिचं लग्न रामिरो सांचेसशी झालं, आणि त्यांचा मुलगा ११३४मध्ये नवाराचा (पाम्प्लोनाच्याच राज्याचं पुढचं नाव) राजा झाला: गार्सिया रामिरेस. सिदच्या नावापुढे 'दे विवार' लावतात ते गावाचं नाव, आपल्या 'कर'सारखं. एवढ्या गोतावळ्यात आजच्या अर्थाने आडनाव कुणालाच नाही.

मग गार्सियाला शेपूट का नाही?

आता सांचो गार्सियाकडे परत या. बाप गार्सिया, तर मुलगा 'गार्सेस' व्हायला हवा होता. आणि शेजारच्या पाम्प्लोनात तो तसा होतही असे. तिथल्या राजांच्या यादीत सांचो गार्सेस आणि गार्सिया सांचेस ही नावं आलटून पालटून येतात. वर उल्लेख केलेल्या गार्सिया रामिरेसच्या मुलाचं नाव सांचो गार्सेसच.

कास्तियात मात्र काही नावं शेपूट न लावता जशीच्या तशी बापाचं नाव म्हणून जोडायची रीत होती. गार्सिया त्यांतलं ठळक. मार्तिनच्या बाबतीत दोन्ही चाललं, म्हणून आज 'मार्तिन' आणि 'मार्तिनेस' अशी दोन्ही आडनावं आहेत. पुढे स्पेनची सत्ता, भाषा आणि कारकुनी कास्तियाच्या हातात गेली, तेव्हा कास्तियाची पद्धत पसरली. गार्सेस आजही आहे, पण गार्सियापुढे तो मूठभर.

थोडक्यात, आजच्या गार्सियाचा पूर्वज म्हणजे 'ज्याच्या बापाचं नाव गार्सिया होतं असा कुणीतरी'. असे बाप हजारो होते.

हे नाव गोठलं कधी?

एका दिवसात नाही, एका हुकमाने तर मुळीच नाही. कार्डिनल सिस्नेरोस या बड्या धर्मगुरूने फतवा काढून स्पेनची आडनावं कायम केली, असं वाचायला मिळतं. त्याच्या काळात, १४९८च्या तालावेरा इथल्या धर्मसभेत, चर्चने बाप्तिस्म्याची वही ठेवावी असं ठरलं हे खरं. १५६३मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या परिषदेनंतर अशा नोंदी सगळ्या कॅथलिक जगात सक्तीच्या झाल्या. पण वही ठेवा म्हणणं वेगळं आणि तुमचं आडनाव आता बदलणार नाही म्हणणं वेगळं.

गोठण्याची खरी कारणं रुक्ष आहेत: जमीन, कर आणि नोटरी. तेराव्या शतकापासून शहरं वाढली, खरेदीखतं आणि मृत्युपत्रं लिहिली जाऊ लागली. आजोबांच्या नावावरची जमीन नातवाकडे आहे हे दाखवायला नाव सारखं असणं सोयीचं. म्हणून आधी मालमत्ता असलेल्यांचं पितृनाम पुढच्या पिढीला तसंच चिकटलं, मग हळूहळू बाकीच्यांचं. बापाचं नाव पेद्रो असूनही मुलगा 'गार्सिया'च राहिला, त्या क्षणी ते पितृनाम संपलं आणि आडनाव सुरू झालं.

तरी सतराव्या शतकापर्यंत बराच सैलपणा होता. चित्रकार वेलास्केस (१५९९ ते १६६०) याच्या वडिलांचं आडनाव रोद्रिगेस दे सिल्वा, आईचं वेलास्केस, आणि तो आईच्या आडनावाने अजरामर झाला. सख्ख्या भावंडांची आडनावं वेगळी असणं नवलाचं नव्हतं. एक मुलगा वडिलांचं लावी, दुसरा आजीचं. यामागे पुष्कळदा पैसा असे. स्पेनमध्ये 'मायोरासगो' नावाची व्यवस्था होती: वाटण्या न होता एकाच वारसाकडे जाणारी इस्टेट. ती घालून देणारा पूर्वज अट घाली की वारसाने माझंच आडनाव लावलं पाहिजे. इस्टेट हवी तर आडनाव बदला!

कुलूप लागलं ते एकोणिसाव्या शतकात. १८७०च्या कायद्याने नागरी नोंदणी आली, १ जानेवारी १८७१पासून ती सुरू झाली. पुढे १८८९च्या नागरी संहितेने वडील आणि आई या दोघांचं आडनाव लावणं पक्कं केलं. दोन आडनावांची पद्धत सनातन असल्यासारखी वाटते, पण सर्वसामान्य माणसासाठी ती जेमतेम दीडशे वर्षांची आहे.

एवढं पसरलं कसं?

पहिलं कारण म्हणजे भूगोल. गार्सिया हे नाव लोकप्रिय होतं ते उत्तरेकडच्या ख्रिस्ती राज्यांत. ही राज्यं मुसलमान राजवटींचा मुलूख जिंकत दक्षिणेला सरकत गेली: १०८५मध्ये तोलेदो, १२३६मध्ये कोर्दोबा, १२४८मध्ये सेविया. जिंकलेल्या मुलखात वस्ती करायला उत्तरेतून माणसं नेली गेली आणि त्यांच्याबरोबर नावंही गेली.

दुसरं कारण म्हणजे धर्मांतर. १४९२मध्ये ज्यूंना बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच दोन पर्याय ठेवले गेले, आणि पुढच्या काही दशकांत मुसलमानांचीही तीच गत झाली. बाप्तिस्मा घेणाऱ्याला नाव मिळे ते आजूबाजूला जे सर्वसामान्य असेल ते. मग अमेरिका खंडातले मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम यांनाही तशीच नावं मिळाली. टाकून दिलेल्या अर्भकांचं तेच: पालक अज्ञात असतील तर मुलाला 'नेहमीच्या वापरातली' आडनावं द्यावीत असं स्पॅनिश कायदा आजही म्हणतो, आणि गार्सियापेक्षा नेहमीच्या वापरातलं काय असणार?

तिसरं कारण निव्वळ गणिताचं, आणि माझ्या मते सर्वांत कमी सांगितलं जाणारं. समजा एका गावात एका आडनावाचं एकच कुटुंब आहे आणि त्यांना तिन्ही मुलीच झाल्या. मुलींच्या मुलांकडे ते दुसरं आडनाव म्हणून जाईल, पण त्यांच्या मुलांकडे नाही. दोन पिढ्यांत आडनाव संपलं. गार्सियाची पन्नास कुटुंबं असतील तर पाचांना मुलगे झाले नाहीत तरी पंचेचाळीस उरतात. शतकानुशतकं हे चालू राहिलं की दुर्मीळ आडनावं गळत जातात आणि मोठी टिकून राहतात. यात कुणाचं शौर्य नाही की पुण्याई नाही.

सगळे गार्सिया एकमेकांचे नातेवाईक नाहीत?

नाहीत. वडिलांकडून मुलाकडे जसंच्या तसं जाणारं 'वाय' गुणसूत्र तपासून हे पाहता येतं. दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांत ते पुष्कळदा जुळतं, कारण त्यांचा मूळ पुरुष खरोखरच एक किंवा मोजके असतात. सर्वसामान्य आडनावांत दोन अनोळखी माणसांमधलं साम्य रस्त्यावरच्या कुठल्याही दोघांइतकंच निघतं.

यावरून पुढचा प्रश्न: स्पेनमधल्या पर्यटकी दुकानांत 'गार्सिया घराण्याची ढाल' छापलेले मग आणि कीचेन मिळतात, त्यांचं काय? ढालीवरचं चिन्ह आडनावाला मिळत नसे, विशिष्ट वंशाला मिळे. अमुक गावच्या अमुक गार्सियाला मिळालेलं चिन्ह शेजारच्या गार्सियालाही लागू होत नाही. त्या मगातून कॉफी प्यायला हरकत नाही, त्यावरून वंशावळ मांडू नये.

गार्सिया हे ज्यू आडनाव आहे का?

हा प्रश्न २०१५नंतर फार विचारला गेला. स्पेनने त्या वर्षी कायदा करून, १४९२मध्ये हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वाचा दरवाजा उघडला. १ ऑक्टोबर २०१९पर्यंत अर्ज घेतले गेले. कायदा यायच्या आधीपासूनच 'ही आडनावं असतील तर तुम्हाला पासपोर्ट मिळणार' अशा हजारो नावांच्या याद्या फिरू लागल्या, आणि गार्सिया, पेरेस, लोपेस त्यांत असायचेच. कायद्यात अशी यादी नव्हती. नुसत्या आडनावावर काही मिळत नव्हतं. वंशाचे आणि स्पेनशी असलेल्या नात्याचे पुरावे द्यावे लागत.

काही गार्सियांचे पूर्वज ज्यू होते, हे खरं. तसेच काहींचे मुसलमान होते, काहींचे मेक्सिकोतले मूळ रहिवासी आणि बहुसंख्यांचे उत्तर स्पेनमधले शेतकरी. आडनाव त्यांच्यात फरक करू शकत नाही. धर्मांतरित माणसाला गर्दीत मिसळून जायचं असे, त्यामुळे वेगळं उठून दिसणारं आडनाव तो घेईलच कशाला?

फिलिपिन्समधले गार्सिया?

तिथला प्रकार आणखी मजेशीर. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी फिलिपिन्सचा स्पॅनिश गव्हर्नर नार्सिसो क्लावेरिया याने हुकूम काढला की सगळ्यांनी कायम आडनावं घ्यावीत. त्यासाठी सुमारे साठ हजार आडनावांची वर्णानुक्रमे छापील यादी प्रांतोप्रांती पाठवली. अधिकारी यादीची पानं गावांना वाटत. त्यामुळे काही गावांत जवळपास सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू झाली. चार पिढ्यांपासून एखादं आडनाव चालत आलं असेल तर ते ठेवायची मुभा होती. तेव्हा फिलिपिनो गार्सियाच्या अंगात स्पॅनिश रक्त असेलच असं नाही. १९५७ ते १९६१ या काळातले तिथले राष्ट्राध्यक्ष कार्लोस गार्सिया होते. अमेरिकेच्या २०१०च्या जनगणनेतही गार्सिया सहाव्या क्रमांकावर आहे, साडेअकरा लाखांहून अधिक लोकांसह.

आणि आपले फर्नांडिस?

गोव्यातले आणि वसईतले फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपीस, गोन्साल्विस हे याच जातीचे, पण पोर्तुगीज शाखेतले. प्रत्यय तोच, स्पॅनिशमध्ये शेवटी 'झेड' लिहितात, पोर्तुगीजमध्ये 'एस'. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री किंवा धर्मपिता यांचं नाव मिळालं आणि ते चिकटलं. त्यामुळे गोव्यातल्या फर्नांडिसचा कुणी पूर्वज फर्नांडो नावाचा पोर्तुगीज होता असं समजणं चूक.

पोर्तुगीज पद्धतीत क्रम उलटा असतो: आधी आईचं आडनाव, शेवटी वडिलांचं. क्रिस्तियानो रोनाल्दो दोस सान्तोस आवेइरो यात दोस सान्तोस आईचं आणि आवेइरो वडिलांचं. म्हणजे शेवटचा शब्द उचलायची आपली सवय स्पॅनिशमध्ये फसते आणि पोर्तुगीजमध्ये चालून जाते.

गार्सिया हे सोळाव्या शतकातही पहिलं नाव म्हणून जिवंत होतं, याचा पुरावा पणजीत आहे. तिथल्या बागेला गार्सिया द ओर्ता याचं नाव आहे. यात आडनाव ओर्ता. गार्सिया हे त्याला पाळण्यात ठेवलेलं. हा वैद्य १५३४मध्ये गोव्यात आला आणि भारतातल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा पोर्तुगीज ग्रंथ १५६३मध्ये गोव्यातच छापला गेला. त्याचे आईवडील १४९२मध्ये स्पेन सोडून पोर्तुगालमध्ये आलेले ज्यू. तो १५६८मध्ये वारला, आणि १५८०मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. नाव अगदी ख्रिस्ती राजांचं असूनही संशय सुटला नाही.

आईचं आडनाव लागतं, मग आईचा वंश चालतो का?

वरवर तसं वाटतं, पण नाही. आईकडून आलेलं आडनावही तिच्या वडिलांचं असतं, आणि नातवंडांपर्यंत पोचता पोचता ते गळतं. हा अन्याय दूर करायला १९९९मध्ये कायदा बदलला: दोन्ही पालकांचं एकमत असेल तर आईचं आडनाव आधी. एकमत नसेल तर मात्र आपोआप वडिलांचं.

२०१० साली सापातेरो सरकारने सुचवलं की पालकांचं जमलं नाही तर वर्णानुक्रमाने लावू. देशभर गदारोळ झाला. लोकांचा हिशोब बरोबर होता: काही पिढ्यांत अ-ब-क वाले फोफावणार आणि झेडवाले नामशेष होणार. (खुद्द पंतप्रधानांचं वर्णानुक्रमाने रोद्रिगेसच आधी आलं असतं.) ती कल्पना मागे पडली. २०११च्या कायद्यात वडिलांचं प्राधान्य काढलं गेलं आणि ३० जून २०१७पासून ते अमलात आलं. आता पालकांनी क्रम ठरवून सांगायचा. नाही सांगितला तर नोंदणी अधिकारी जास्तीत जास्त तीन दिवसांची मुदत देतो आणि मग बाळाचं हित पाहून स्वतः ठरवतो. पहिल्या मुलाचा जो क्रम तोच पुढच्या भावंडांचा. सज्ञान झाल्यावर ज्याला हवा त्याला तो उलटा करून घेता येतो. गार्सियाची संख्या यामुळे लगेच घटेल असं मला वाटत नाही, पण ज्या आईचं आडनाव दुर्मीळ आहे तिला ते वाचवायचा मार्ग मिळाला.

एखाद्या गार्सियाचं मूळ शोधायचं तर?

स्पॅनिश वा लॅटिन अमेरिकन घराशी नातं असलेले मराठी लोक परदेशात आहेतच, त्यांच्यासाठी हे. पहिला नियम: आडनाव घेऊन शोधू नका, गाव घेऊन शोधा. नुसतं 'हुआन गार्सिया' टाकलं तर समुद्र समोर येतो.

१८७१नंतर जन्मलेल्या पूर्वजाचा जन्मदाखला नागरी नोंदणीतून मागवा, पण संक्षिप्त नको, संपूर्ण नकलेचा मागा. त्यात आईवडिलांबरोबर चारही आजी-आजोबांची नावं आणि बहुधा त्यांची गावंही असतात. एका कागदात दोन पिढ्या मागे जाता येतं. १८७१च्या मागे गेलात की चर्चच्या वह्या: बाप्तिस्मा, विवाह, दफन. त्यांतली विवाहाची नोंद सर्वांत कामाची, कारण तिथे वधू-वर दोघांच्याही आईबापांची नावं मिळतात. जुन्या वह्या बऱ्याच ठिकाणी बिशपच्या अभिलेखागारात हलवल्या आहेत. शंभर वर्षांहून जुनी नोटरीची कागदपत्रं प्रांताच्या ऐतिहासिक अभिलेखागारात असतात. कास्तियाच्या राज्यातलं गाव असेल तर १७४९पासूनच्या काही वर्षांत करासाठी झालेली एन्सेनादाची मोठी पाहणी बघा. गावाने दिलेली उत्तरं 'पारेस' या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

अडतं कुठे? एकाच गावात एकाच पिढीत तीन-तीन हुआन गार्सिया सापडतात. तेव्हा आईचं आडनाव, धर्मपित्याचं नाव आणि 'थोरला', 'धाकटा' असे शेरे यांवरून वेगळे करायचे. सतराव्या शतकाच्या मागे भावंडांची आडनावं बदलतात, म्हणून एक भाऊ सापडला नाही तर दुसऱ्याच्या मागे लागायचं. स्पेलिंगही फसवतं: जुन्या कागदांत 'सी'च्या पोटाखाली शेपटी असते किंवा त्याजागी 'झेड' असतो, कातालानमध्ये 'आय'वरची तिरकी रेघ नसते, बास्कमध्ये मधे 'टी-झेड' येतो. शोधताना ही सगळी रूपं टाकून पाहा. आणि काही गावांच्या वह्या १९३६मध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीला चर्चबरोबर जळाल्या. तिथे नोटरीचे कागद आणि शेजारच्या गावातली विवाहनोंद एवढाच आधार उरतो.